देवमासा तीनदा वर आला

दगडच दिसेना. ज्या दगडावर मी रिंकीला निजवलं होतं तो दगडच नव्हता तिथे — नुसतं पाणी, फेसाचं, वर-खाली होणारं — आणि मी वर कड्यावर उभी. मागून सासूबाई ओरडत होत्या, "अगं रिंकी कुठंय? कुणाकडे दिलीस?" आणि मी उतारावरून धावत सुटले. धावता धावता त्यांना एक उत्तर दिलं. दोनच शब्द.

ते दोन शब्द सांगायचे आहेत मला. पाच वर्षं झाली. माझ्या आईला सांगितले नाहीत, ह्यांना नाही, महाकाळापुढे हात जोडले तरी तिथेही नाही — देवापुढे उभी राहून मी दुसरंच काही मागते आणि परत येते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. लिहायची सवय नाही, आठवीपर्यंतच शाळा झाली माझी, तेव्हा मागचं पुढे झालं तर समजून घ्या.

आम्ही उज्जैनचे. माधव नगरात राहतो. ह्यांची बँकेत नोकरी, आणि त्या वर्षी ह्यांना एलटीसी मिळाली — मतलब सगळ्या घराला फिरायला जायचं भाडं. सासूबाई म्हणाल्या, सून आल्यापासून कुलदेवीला नेलेली नाही, कोकणातच जायचं. तर आम्ही पाच जण निघालो. सासूबाई, हे, मी, माझी रिंकी — तेव्हा तीन वर्षांची होती — आणि माझी नणंद मंगल.

मंगलबद्दल आधी सांगते. सांगायलाच हवं. एकवीस वर्षांची होती ती तेव्हा. घरात सगळे तिला विसरभोळी म्हणायचे. दूध उतू गेलं की मंगल. टावर चौकात छत्री राहिली की मंगल. ती स्वतःच हसायची, म्हणायची, "वहिनी, एक दिवस मी मलाच कुठेतरी ठेवून येईन बघा." पण मुलं म्हणजे तिचा जीव. नानाखेड्याला नवीन इंग्रजी नर्सरी उघडली होती, तिथे ती शिकवायला लागणार होती. नोकरी पक्की झाली होती. माझी रिंकी तिच्याशिवाय जेवायची नाही. मी तिला वन्सं म्हणायचे, ती लाजायची — "अहो तुमच्यापेक्षा एका वर्षानं लहान आहे मी, वन्सं काय!"

बघा, मी अजून तिच्याचबद्दल बोलतेय. त्या दगडापाशी यायला पाय उचलत नाही.

समुद्र मी फक्त टीव्हीवर पाहिलेला. देवीच्या गावी गुरुजींकडे उतरलो होतो, त्यांच्या घरामागून उतरलं की किनारा. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, ऊन कललं, तसे आम्ही खाली गेलो. पाणी केवढं लांब होतं! मध्ये सगळे काळे दगड, कोरडे. वाळूत मंगल शिंपले वेचत होती, अगदी दूर, वाकून. रिंकी माझ्या कडेवर झोपून गेली. प्रवासात चार दिवस ती माझ्या अंगावरच होती. गाडीत अंगावर, देवळात अंगावर, जेवतानाही मांडीत.

तेवढ्यात वरून गुरुजींच्या बायकोची हाक आली. "अहो उज्जैनवाल्या, वर या! देवमासा! देवमासा आलाय!"

सगळं गाव कड्यावर धावलं. सासूबाई, ज्यांना जिना चढवत नाही, त्यासुद्धा. हे कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी एक क्षण उभी राहिले. चढ उभा होता. रिंकी जड होती. आणि — खरं सांगते — मला तिला न्यायचं नव्हतं. दोन मिनिटं मला अंगावर कुणी नको होतं.

एका दगडाला खोलगट जागा होती, सावलीतली. शाल अंथरली, तिला निजवलं. आमच्याकडे रामघाटावर नाही का बायका मुलांना पायरीवर निजवतात आणि कपडे धुतात? पायरी कोरडी आहे तर कोरडीच राहते. क्षिप्रेचं पाणी पावसाळ्यात चढतं, तेही सांगून-सवरून. दुपारी जिथे कोरडं आहे तिथे संध्याकाळी माणूस बुडेल इतकं पाणी येतं, रोज येतं, दोनदा येतं — हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भरती हा शब्द मला पोलिसांच्या भरतीचाच माहीत होता.

पण हे अडाणीपण झालं. ती माझी चूक आहे, गुन्हा तो नाही. गुन्हा पुढे आहे.

वर गेले. आधी काहीच दिसेना. मग एकदम पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला, उंच, आणि मागे काळी पाठ. बाप रे. बसएवढी लांब! हळूहळू वर आली, हळूहळू गेली, काही घाई नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, झालं, पाहिलं, आता उतरते. तर गुरुजींची बायको म्हणते, "थांबा हो, श्वास घ्यायला परत येतो तो. शेपटी दिसते कधी कधी." मी थांबले. सगळे गप्प उभे. पाण्याकडे बघत राहायचं, बस्स. आत्ता येईल, आत्ता येईल. किती वेळ गेला कळत नाही. दुसऱ्यांदा आला, अजून लांब. शेपटी नाही दिसली. मी म्हटलं, एकदाच अजून.

एकदाच अजून. हे मी मनात म्हटलं, मला पक्कं आठवतं. मी त्या माशाकडे बघत होते आणि मला हेवा वाटत होता. एवढं मोठं अंग, आणि कुणी त्याला हाक मारत नाही.

तिसऱ्यांदा शेपटी वर आली. सगळे ओरडले, हे फोटो काढत होते, मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आणि तेव्हा सासूबाई वळून म्हणाल्या, "रिंकी कुठंय?"

मी खाली बघितलं, दगड नव्हता.

"कुणाकडे दिलीस?"

"वन्संकडे दिली."

हेच ते. वन्संकडे दिली. मी धावत होते, माझी पोर मेली की जगली माहीत नव्हतं — आणि तेवढ्यात, एवढ्यातही, माझ्या जिभेनं मला वाचवलं. पोरीच्या आधी मला. कसं सुचलं? कुठून आलं? मी काही ठरवलं नव्हतं हो. सासूबाई नेहमी म्हणायच्या, हिला शिक्षण नाही, हिला मूल काय वाढवता येणार. त्याची भीती होती का? असेल. भीती कुणाला नसते?

रिंकी वाचली. दगडांवर कालवं काढणारी एक म्हातारी होती, हातात हत्यार, कमरेला पिशवी. ती पाणी चढताना किनाऱ्याकडे परतत होती, तिला शालीचा रंग दिसला. तिनं छातीएवढ्या पाण्यात जाऊन पोरीला ओढलं. पोरीचा पाय कालवांच्या धारेनं चिरला होता, नाकातोंडात पाणी, ओठ निळे. म्हातारीनं तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, पाणी काढलं, आणि मग रिंकी रडली. म्हातारी आमच्यावर खेकसली, "चेडवाक हय कोणी ठेवल्यान? भरती इली ती दिसली नाय?"

कोणी ठेवलं. सगळे ऐकत होते. मला तेव्हाही बोलता आलं असतं.

मंगल वाळूतून पळत आली, ओढणीत शिंपले तसेच. सासूबाईंनी तिच्या कानाखाली मारली. एकवीस वर्षांच्या मुलीच्या, परक्या गावासमोर. "पोर सांभाळायला दिली तर शिंपले वेचतेस?" मंगल माझ्याकडे बघायला लागली. "वहिनी, मला—" एवढंच म्हणाली. मी रिंकीच्या केसांतली वाळू काढत राहिले.

तुम्ही म्हणाल, घाबरलेली होती बिचारी. नका म्हणू. पुढचं ऐका.

चार दिवस रिंकी दवाखान्यात होती. मग आम्ही गाडीत बसलो परतीच्या. दिवसाची गाडी, खिडकीत ऊन. सासूबाई आणि हे चहा प्यायला खाली उतरले, तेव्हा मंगल माझ्याजवळ सरकली. डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुम्ही मला हाक मारली होती का? दगडावर ठेवलंय, लक्ष द्या, असं? वारा होता खूप. मला ऐकू आलं नसेल. नाहीतर मी हो म्हटलं असेल आणि विसरले असेन. मी विसरतेच ना."

आता मी धावत नव्हते. पोर मांडीवर जिवंत होती. कुणी ओरडत नव्हतं. ती मला स्वतः विचारत होती, आणि मला फक्त नाही म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हो. मारली होती हाक. तुम्ही मान हलवली होतीत."

मान हलवली होतीत — हे वरचं मी माझ्या मनानं घातलं. शोभून दिसावं म्हणून.

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "मला आठवतच नाही हो." आणि तेव्हापासून तिला ते पटलं. सगळ्यांना आधीच पटलं होतं, आता तिलाही पटलं. त्या दुपारचं खरं माहीत असलेली जगात मी एकटी उरले.

उज्जैनला आल्यावर ती नर्सरीत गेलीच नाही. बाईंना सांगून आली, मला मुलं सांभाळता येत नाहीत. फ्रीगंजमध्ये एसटीडीच्या दुकानात बसते आता, मीटर बघते, बिलं फाडते. दोन स्थळं तिला बघायला आली. दोन्ही वेळा पोहे खाऊन झाले आणि मंगलनं स्वतः सांगितलं, "आधीच सांगते, माझ्या हातून एकदा भाचीचा जीव जाणार होता. नंतर कळून तुम्हाला वाईट वाटायला नको." पहिले लोक चुपचाप उठले. दुसऱ्यांतली मुलाची आई जाताना जिन्यात म्हणाली, "लडकी सीधी है, पर घर में बच्चे होंगे, डर लगता है." मी जिन्यातच होते. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, म्हणाल्या, "कार्टे, तुला सांगायला कुणी सांगितलं होतं!" मी कपबशा उचलल्या.

ती खरं सांगत होती, बघा. तिला जे खरं वाटत होतं ते. आणि मी कपबशा विसळत होते.

रिंकी आता आठ वर्षांची आहे. पायावर वण आहे. आत्याच्या हातून झालं, हे तिलाही माहीत आहे. कुणी मुद्दाम नाही सांगितलं, घरात असतंच ते बोलण्यात. आत्यानं केस विंचरायला बोलावलं तर म्हणते, "नको, आईच करेल."

मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्याचं बारसं होतं. मुलगा झाला. आपल्यात नाव आत्याच ठेवते. बाळाला घ्यायचं, कानात नाव सांगायचं, बायका तिच्या पाठीवर धपके मारतात आणि हसतात. सख्खी आत्या एकच. पण सासूबाईंनी देवासहून चुलत नणंदेला बोलावून घेतलं. मंगलला कुणी काही म्हटलं नाही. ती स्वतःच सकाळपासून स्वयंपाकघरात घुगऱ्या करत बसली. पाळणा म्हणायला लागले तेव्हाही बाहेर आली नाही. एका शेजारणीनं विचारलं, "मंगल दीदी नहीं आई?" तर सासूबाई म्हणाल्या, "तिला नाही जमत."

बायका गेल्यावर मी बाळाला पाजत बसले होते. मंगल दारात आली. आत नाही आली, बाळापासून लांब उभी राहिली. म्हणाली, "नाव छान आहे." मग आत आली, आणि खाली बसून माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी पाय ओढून घेऊ शकले नाही, मांडीवर बाळ होतं.

"वहिनी, पाच वर्षांत तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत," ती म्हणाली. "आई रागावली, दादा रागावला. तुमची पोर होती आणि तुम्ही एक शब्द नाही. मला ते सहन होत नाही. एकदा तोंडानं म्हणा, माफ केलं. मग मी परत कधी बोलणार नाही."

दार उघडं होतं. बाहेर सासूबाई भांडी मोजून ठेवत होत्या, हे खुर्च्या परत करायला निघाले होते, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. तुम्ही काय केलं असतं, हे मी इतकी वर्षं मनातल्या मनात लोकांना विचारत आले. आता नाही विचारत.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "केलं माफ."

तिनं माझा हात धरला आणि त्यावर कपाळ घासलं. थँक्यू वहिनी, म्हणाली.