मेकॅनिकलच्या फरशीवर उडालेला रवा

माझं अक्षर म्हणजे न जोडलेल्या कड्या, एक इकडं, एक तिकडं. शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. वही मुलीची उरलेली आहे आणि वाचणार मीच. तरी आधीच माफी मागून ठेवते. कोल्हापूरच्या त्या सरांच्या हाती कधी लागली तर लाल पेन काढतील.

आमच्या हुपरीत घरोघरी पैंजण होतात. मी रवा (मोहरीएवढे चांदीचे मणी) बसवते. मणी पैंजणावर मांडायचे, फुंकणीनं ज्योत वाकवायची आणि डाग द्यायचा, म्हणजे मणी चिकटतात. दिवसभर फुंकून छाती भरते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर गल्लीत आले होते. माझा खोकला ऐकून म्हणाले, "ताई, तोंडानं फुंकायला लागू नये असा भाता आम्ही करतोय. एकदा येऊन चालवून बघा."

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. शेजारच्या आक्कांनी परस्पर उत्तर दिलं, "येती की! न यायला काय झालंय? मी घिऊन येतो तिला."

असं माझं कोल्हापूर ठरलं.

सोबत काम देणाऱ्या शेठजींची चांदी होती, नुसत्या दगडावर भाता कसा बघायचा? शेठजी तोलून देतात, आपण तोलून परत द्यायची. घट (कामात झिजून कमी होणारं वजन) गुंजभर धरतात. त्याहून कमी भरलं तर शेठजी भांडत नाहीत, पुढचं काम देत नाहीत, एवढंच. कारण काय ते गल्ली ठरवते.

एसटीत पिशवी पोटाशी धरून बसले.

"बाळंतीण हायस व्हय गं?" आक्का सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्हीकडं ऊस, वर गुऱ्हाळाचा धूर. कोल्हापुरात उतरून मिसळ खाल्ली. आक्कांनी कट (तिखट रस्सा) तीनदा मागितला. मी एका पावात आटोपलं, कारण एक हात पिशवीवर होता.

कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "कुणाकडं, पावणं?"

"मेकॅनिकलला," आक्का म्हणाल्या. "शिकवाय आलोय."

आत मोठी शेड. हत्तीसारखी यंत्रं आणि फरशीवर सगळीकडं लोखंडाचा कीस. सर होते, त्यांचे मोठे साहेब होते, आणखी दोन प्राध्यापक होते. सगळ्यांनी आधी फळ्यावर वारा काढून दाखवला. वाऱ्याला इतके बाण असतात हे मला माहीत नव्हतं. मी मान हलवत राहिले.

मग मी पैंजणावर रवा मांडला. सर म्हणाले, "पहिल्यांदा मीच दाबतो," आणि बुटासकट भात्यावर उभेच राहिले.

फुस्स! ज्योत विझली. रवा पैंजणावरून उडून शेडभर झाला.

"प्रेशर जरा जास्त झालं," सर म्हणाले.

"व्हय, दिसलं की," आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात शिपाईमामा झाडू आणि कचऱ्याची बादली घेऊन धावले. बिचारे मदतीलाच आले होते. सकाळपासून तोंड न उघडलेली मी ओरडले, "झाडू नका! कुणी पाय उचलू नका!"

झाडू हवेतच थांबला. प्राध्यापकांवर ओरडले होते मी. पण शेठजींचा तराजू डोळ्यांपुढं होता. हुपरीत झाडलेला केर कुणी बाहेर टाकत नाही, त्यात चांदी असते; नव्या सुनेला हे पहिल्या दिवशी सांगतात. मी खाली बघतच म्हणाले, "सर, बूट काढून झटका."

चारही जणांनी बूट काढले. मोठ्या साहेबांच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. प्रत्येक बुटातून एखाददुसरा मणी पडला. मग चौघं गुडघ्यांवर रांगत रवा वेचू लागले. आक्का उभ्यानं हुकूम देत होत्या, "त्या यंत्राखाली बघा, सायेब! पोट आत घ्या जरा!"

केरात लोखंडाचा कीस मिसळला होता. मी हळूच विचारलं, "लोहचुंबक हाय का?"

 "आठ आहेत," सर म्हणाले आणि धावत आणायला गेले. कीस चुंबकाला चिकटला, चांदी खाली राहिली.

तरी कॉलेजच्या काट्यावर वजन कमीच भरलं. सरांनी शंभराची नोट पुढं केली. "आमच्या पायानं गेलं, ताई." घ्यायला नको होती, पण शेठजींच्या भीतीनं घेतली. उरलेला केरही पुडीत बांधून घेतला. निघताना धीर करून म्हटलं, "सर, बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना घालतो ना, तेवढीच फुंकर पाहिजे." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. बाण काढला की नाही ते दिसलं नाही.

घरी आमच्या मालकांनी तो केर मुशीत आटवला. तळाशी चांदीचा गोळा निघाला. शेठजींच्या तराजूत माल पुरता भरला. शेठजींनी पुढचं काम तोलून दिलं. मी घरी येऊन मग जेवले.

दिवाळीनंतर सर नवा भाता घेऊन आमच्या घरी आले. त्याला वारा कमीजास्त करायची चावी होती. मी पायानं दाबला. ज्योत वाकली, रवा हलला नाही, आणि मी खोकले नाही. एसटीनं तासाभराचं कोल्हापूर, पण तिथं मी एकदा तोंड उघडलं म्हणून हा भाता घरात आला, असं मला वाटतं.

मी डब्यातून तीच शंभराची नोट काढून त्यांच्यापुढं धरली.

"राहू द्या, ताई."

"चांदी पुरती भरली, सर. तुमच्या बुटातली धरून."

सर हसले. मग उंबऱ्याशी थांबले, पँटची दुमड उलटी करून आमच्या फरशीवर नीट झटकली, आणि शंभर रुपये खिशात घातले.