मधला टॉवेल

मंगळवार, २१ जानेवारी. सकाळी अकराचा सुमार. देवळाली प्रवरा, माझं फिजिओथेरपी केंद्र.

हजर: राज्याच्या आरोग्य योजनेकडून तपासणीला आलेले डॉक्टरसाहेब. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा कारकून. माझी मदतनीस सुशीला. टेबलावर झोपलेले आबा, लकव्याने उजवी बाजू गेलेले. त्यांचा मुलगा अण्णा, बागायतदार. दाराबाहेर बाकावर रखमाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ऊसतोड कामगार. आणि मी.

शिवाय आबांच्या खांद्यावरचा टॉवेल. त्यालाही यादीत घ्यावंच लागेल.

"उपचार करून दाखवा," साहेब म्हणाले.

मी पुढे झाले. अण्णांनी रोजच्यासारखा टॉवेल नीट पसरला, कडा ओढून बसवल्या, मग मला मानेनेच खूण केली. करा.

"हा कशाला?" साहेबांनी विचारलं.

अण्णांनी आवाजसुद्धा खाली आणला नाही. "बाई मिशनातल्या हायेत ना साहेब. आबांना हात चालत न्हाई. बाकी बाई लई चांगल्या."

साहेब हसले. "असू दे. मालिशला टॉवेल लागतोच."

कारकुनाने फोटो काढला. त्या फोटोत मी आहे. टॉवेलवर हात ठेवून उभी.

मी जवळच्याच बेलापूरची. घराणं गावकुसाबाहेरून मिशनात आलेलं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. ते म्हणायचे, शिक, म्हणजे हाताला किंमत येईल. मी शिकले. पदवी घेतली, नोंदणी केली, नगरच्या दवाखान्यात नोकरी केली, मग इथे स्वतःचं केंद्र काढलं. हाताला किंमत आली. पण तो हात कातडीला लागू द्यायचा नाही, एवढी अट मागे राहिली.

आबांना पहिल्या दिवशी आणलं तेव्हाच अण्णा म्हणाले होते, "बाई, तेवढा टॉवेल मधी राहू द्या." टॉवेल त्यांच्या घरचा. जाताना अण्णा तो दोन बोटांच्या चिमटीत धरून पिशवीत टाकत. पिशवी गाडीच्या डिकीत. घरी तो वेगळ्या बादलीत भिजतो, हे त्यांच्या सुनेने सुशीलाला सहज सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

माझं काम बोटांचं आहे. स्नायू कुठे आखडला, कुठे सैल पडला, हे बोटांना कळतं. टॉवेलवरून कळत नाही. मी तरी करत राहिले. जाड कापडातून अंदाज घेत. मनाशी म्हणायचे, म्हातारा माणूस आहे, सवय आहे, बरा झाला म्हणजे झालं.

एकदा अण्णांचा घाईचा फोन आला. घरी या. गेले. आबांनी अंथरूण भिजवलं होतं, वर कूस बदलता येईना. घरातले सगळे नाकाला रुमाल लावून दाराशी उभे. मी आबांना उचललं, पुसलं, धोतर बदललं, लाळ पुसली. माझे उघडे हात त्यांच्या उघड्या अंगाला. त्या दिवशी टॉवेल कुणी शोधला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खांद्यावर हजर. मुताला माझा हात चालतो. खांद्याला चालत नाही.

तेव्हाही मी टॉवेलवरूनच हात फिरवला. कारण माझ्या डोक्यात ती आरोग्य योजना होती, आणि तपासणीत दाखवायला आबांसारखा पेशंट हवा होता.

ही योजना गरिबांसाठी. ऑपरेशन फुकट, पैसे सरकार भरतं. रखमाबाई उसाच्या गाडीवरून पडली, तिचं ऑपरेशन असंच झालं. टाके काढले, घरी पाठवलं. पुढे तो गुडघा वाकवायचा कुणी, हे कुणी सांगितलं नाही. वेळेत वाकवला नाही तर गुडघा आखडतो. मग कोयता घेऊन वाकायचं कसं? टेबल रिकामं झालं की मी तिला घेते, पैसे घेत नाही. पण अशा दहाजणी आल्या तर केंद्र बंद पडेल. म्हणून मला योजनेत नाव हवं होतं. माझ्या केंद्राचं, माझ्या नावावर. म्हणून तपासणी. म्हणून त्या सकाळी मी टॉवेलवर हात ठेवून फोटोला उभी.

साहेबांनी टेबल पाहिलं, मशीन पाहिली, संडासाचं दार उघडून पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि अण्णांशी बोलायला लागले. माझ्याशी नाही. अण्णांशी.

"तुमच्या मेहुण्यांचं हॉस्पिटल आहे ना इथे?"

"व्हय. हाय की."

"मग सोपं आहे. केंद्र त्यांच्या नावावर दाखवा. बाई त्यांच्या हाताखाली राहतील. नुसत्या मालिशवालीला योजनेत कसं घ्यायचं?"

"आन साहेब, येळ पण येगळी ठिवू," अण्णा म्हणाले. "सकाळी आमची मानसं. योजनेची दुपारनंतर. एका टेबलावर बरं न्हाई दिसत."

"ते तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. सुशीलाने आणलेला चहा त्यांनी घेतला नाही. आत्ताच झाला म्हणाले.

   इतके दिवस मला वाटायचं, ह्यांना माझी किळस येते. त्या क्षणी दिसलं, किळस मला यायला हवी होती.

मी टॉवेल उचलला. घडी केली. अण्णांच्या हातात दिला.

"हात लागेल," मी म्हणाले. "चालत असेल तर झोपू द्या. नसेल तर उठवा."

"बाई, काय येड्यावानी करताय? साहेब बसलेत."

"बसू देत."

अण्णांना काय करावं सुचेना. टॉवेल धरलेला हात त्यांनी बापाच्या अंगावर तसाच टेकवला. आणि आबांचा उजवा हात हलला.

तो हात आला तेव्हा मेलेला होता. मीच त्याला मूठ करायला शिकवलं. टेबलावर जुना कपडा पसरायचा आणि बोटांनी ओढून गोळा करायचा, हा आमचा रोजचा व्यायाम. पहिल्यांदा कपडा जरासा हलला तेव्हा सुशीलाने टाळ्या वाजवल्या होत्या. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याच बोटांनी आबांनी टॉवेल पकडला. हळूहळू, अगदी मी शिकवलं तसा, गोळा करत आणला. आणि खांद्यावर ओढून घेतला.

त्यांना बोलता नीट येत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

"पकड चांगली आली," मी म्हणाले. "आता उठवा."

अण्णांनी गडी बोलावला. आबांना गाडीत घातलं. अण्णा दारातून म्हणाले, "बाई, तुमचंच नुकसान हाय. ध्यानात ठिवा." साहेब उठले. "स्वभाव तापट दिसतो," असं कारकुनाला ऐकू जाईल इतपत म्हणाले आणि गेले.

बाहेर बाकावर रखमाबाईने सगळं ऐकलं होतं. आत येता येता दारातच थांबली.

"ताई, माझ्याकडं टॉवेल न्हाई. पदर टाकू का?"

सुशीला फस्सकन हसली. मीही हसले. रखमाबाई टेबलावर चढली आणि गुडघा पुढे केला. मग हळूच म्हणाली, "पन आता त्या योजनेचं कसं हुनार? माझ्यामागं अजून बायका यायच्यात."  मी गुडघा धरला. वाकवला. ती ओरडली. पुन्हा वाकवला.

पुढे निर्णय आला. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीअभावी प्रलंबित. मेहुण्यांचा निरोपही आला. अजून विचार करा, नाव माझं, काम तुमचं. मी उलट निरोप धाडला. काम माझं, नावही माझं.

झालेली कामं लिहून ठेवते. आबांची वेळ रखमाबाईला दिली, सकाळचीच. त्या फोटोची प्रत मागितली, रीतसर, पोच घेऊन. मुंबईच्या वरिष्ठ कार्यालयाकडे करायचं अपील लिहायला घेतलं. नियम जोडले, नोंदणी जोडली, पेशंटांच्या सह्या जोडल्या. रखमाबाईचा अंगठा सगळ्यात वर.

नगरची माझी वर्गमैत्रीण मसुदा वाचून म्हणाली, "टॉवेलचं लिहू नकोस गं. नियमापुरतं लिही. मिळून जाईल."

मिळून जाईलही. पण तेही मधे टॉवेल ठेवूनच मिळेल.

अपिलातलं बाकी सगळं झालं आहे. टॉवेलचा परिच्छेद लिहायचा राहिला आहे. तो लिहिल्याशिवाय हा कागद माझ्या हातून सुटणार नाही.