साडूंनी खोडलेलं एक नाव

जगात लपवण्यासारखं काही असतं, यावर माझ्या साडूंचा विश्वासच नाही. पुण्याहून नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला आले त्या दिवशी त्यांनी सामान सोडायच्या आधी घराचे पडदे काढून टाकले. डच लोक खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, ही गोष्ट त्यांना या देशाबद्दल सर्वांत आधी आवडली होती. मग ते रोज सकाळी रस्त्याकडच्या खोलीत बनियनवर सूर्यनमस्कार घालू लागले. महिन्याभरात समोरच्या डच आजी आल्या आणि आपल्याकडे जास्तीचे पडदे आहेत, हवेत का, असं फार प्रेमानं विचारू लागल्या. साडूंनी त्यांना चहा पाजला आणि पडदे नाकारले. माझ्या मेहुणीनं ते दुसऱ्या दिवशी जाऊन गुपचूप आणले.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना खजिनदार नेमलं, ती आमची चूक. आरती झाली की ते हॉलच्या दारावर त्या दिवसाचा खर्च चिकटवत. दुसऱ्याच दिवशी त्यात लाडवांचा तक्ता आला: केले किती, वाटले किती, तफावत तीन. खाली त्यांच्याच अक्षरात खुलासा होता, ‘तीन लाडू खजिनदाराने खाल्ले.’ पुढच्या वर्षी आम्ही त्यांना सजावट दिली.

पोटासाठीही ते हेच करत. हेगमधल्या एका संस्थेतर्फे ते अशा एका देशात जात, जिथलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. शाळा, रस्ते, दवाखाने पुन्हा उभे करायला बाहेरचे देश पैसे देत होते आणि ते कुठं गेले हे तिथल्या माणसांना कळावं, ही साडूंची नोकरी. त्यांचं म्हणणं साधं होतं. गावासाठी काय आलं आणि कशावर गेलं, याची यादी गावातच भिंतीवर लागली पाहिजे. तिथले एक बडे अधिकारी म्हणाले, “आमच्या लोकांना वाचता येत नाही.” साडू म्हणाले, “मग मोठ्यांदा वाचा.”

हे मनावर घेतलं तिथल्या कोषागारातल्या एका कारकून बाईंनी. बाजाराच्या दिवशी त्या स्टुलावर उभ्या राहून यादी वाचू लागल्या. ‘शाळेचं छप्पर, काम पूर्ण,’ ही ओळ आली आणि सगळ्या बाजारानं माना वळवून शाळेकडे पाहिलं. शाळेला छप्पर नव्हतं. आठवड्याभरात बाईंची बदली झाली. मग त्यांच्या घरी दोन अनोळखी माणसं आली आणि मुलं कुठल्या शाळेत जातात, एवढंच विचारून गेली.

हा निरोप आला तेव्हा साडू आमच्याकडे जेवत होते. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा अहवाल जायचा होता, आणि यादी भर बाजारात वाचली गेली हे मोठं यश म्हणून संस्थेला त्यात बाईंचं नाव आणि फोटो हवा होता.

“नाव गाळलं तर अहवाल खोटा होतो का हो?” त्यांनी मला विचारलं.

“खोटा नाही, अपुरा होतो,” मी म्हटलं.

“माझ्या लेखी ते एकच,” ते म्हणाले, आणि पानातलं थालीपीठ बाजूला सारलं. मग लॅपटॉप मागवून त्यांनी नाव खोडलं, फोटो वगळला, गावाचं नावही वगळलं. ‘एका कर्मचाऱ्याने यादी वाचून दाखवली,’ एवढंच उरलं. बाई होत्या, हेसुद्धा ठेवलं नाही. संस्थेच्या साहेबांनी फोन करून तीनदा नाव विचारलं. साडूंनी तीनदा, अत्यंत नम्रपणे, सांगणार नाही म्हणून सांगितलं. पुढे त्यांचं कंत्राट वाढलं नाही. कारण काय ते कुणी बोललं नाही; साडूंनी मात्र नोकरी गेल्याची बातमी कुणी विचारायच्या आत सबंध मंडळाला कळवली.

परवा त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. एक बैठी शाळा, वर कोरा करकरीत पत्रा, उन्हात इतका चमकत होता की खालच्या पोरांनी डोळे बारीक केले होते.

“कुणी पाठवला?” मी विचारलं.

“माहीत नाही,” साडू म्हणाले.

या माणसाला खोटं बोलायचा सराव नाही. तेही त्यांना धड जमलं नाही. “आणि त्या बाई? बऱ्या आहेत ना?” हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही विचारलं नाही. चहा येईपर्यंत आम्ही दोघं तो पत्रा पाहत बसलो.