लोडर उतारावर ओरडायचा

बायकोचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खाणीच्या शेठचा फोन आला. "मिस्त्री, तुमच्यावर काय बेतलंय ते ठाऊक हाय. पर लोडर बघून जावा." मी म्हटलं, येतो. घरात बसून तरी काय करणार होतो? पाहुणे पिशव्या भरत होते. ते निघाले की मीच उरणार होतो.

खाण नांदे गावाच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. वर दगड फुटतो, खाली खडी होते. लोडर वरून बकेट भरून उतारानं खाली येतो, दिवसभर तेवढंच काम. इंजिन ठरलेल्यापेक्षा जोरात फिरलं तर पडद्यावर लाल दिवा लागतो, शिटी वाजते आणि मशीन त्याची नोंद ठेवतं. शेठनं मला त्या नोंदी दाखवल्या. पडद्यावर बोट सरकवावं तेवढ्या निघत होत्या.

"कंपनीचा मानूस लॅपटॉप जोडून बघून गेला," शेठ म्हणाले. "म्हनला, ऑपरेटर उतारावर गाडी मोकळी सोडतोय. मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला. परवा यूपीवरनं नवा येतोय. तुमी फकस्त इंजिन शाबूत हाय का तेवढं बघा."

ऑपरेटर घरी गेलेला नव्हता. गेटपाशी बाभळीखाली बसलेला. सोलापूरकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, नेऱ्यात भाड्याच्या खोलीत बायको-पोरांना घेऊन राहणारा. रोज येऊन तिथं बसतोय, वॉचमन म्हणाला. मला बघून उठला.

"मिस्त्री, आईच्यान सांगतो, पहिल्याच गेरवर उतरवतुया मी."

"शपथ घालू नको. शपथेनं मशीन दुरुस्त होत न्हाई."

तो परत खाली बसला.

कंपनीचा माणूस वेडा नव्हता. उतारावर असं होतं. भरलेली बकेट, मागून डोंगर ढकलतो, चाकं पळायला लागतात. चाकं गेरबॉक्सला फिरवतात, गेरबॉक्स इंजिनला. ऑपरेटरनं पाय काढला तरी इंजिन चढतच जातं, कारण तेव्हा इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनला ओढते. डिझेल तोडून ते थांबत नाही. गेर खालचा आणि ब्रेक वेळेवर, एवढाच उपाय. वरच्या गेरवर सोडली की मग व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. अशी दोन इंजिनं मी स्वतः खोललेली आहेत. म्हणून मीही मनात धरून चाललो होतो की त्यानंच पळवली असणार.

चावी घेतली आणि रिकामी बकेट वर करून मीच लोडर उतारावर घातला. पहिला गेर. अर्ध्यात शिटी वाजली. पडद्यावर फेऱ्यांचा आकडा तीन हजाराच्या वर. पण माझ्या कानाला इंजिन तसंच, एका चालीत. तीन हजारावर ते खरंच गेलं असतं, तर माझी कवळी हातात आली असती.

खाली सपाटीला आणून बंद केला. पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवली, पुन्हा चालू केला आणि हातातल्या मीटरनं फेरे मोजले. मीटर सोळाशे म्हणत होता, पडदाही सोळाशे. शेठ म्हणाले, "मग बरोबर हाय की." मी हातोड्याचा लाकडी दांडा घेऊन फ्लायव्हीलच्या, इंजिनमागच्या जड दातेरी चाकाच्या, घरावर हलकंच ठोकलं. शिटी वाजली. मीटर सोळाशेच, पडदा अठ्ठावीसशे. जागेवर उभी गाडी, आणि पडद्यात ती पळत होती.

फ्लायव्हीलचे दात मोजायला त्या घरात एक सेन्सर बसवलेला असतो, बोटाएवढा. दातापासून केसभर लांब ठेवून नट आवळायचा. तो हलला की मशीनला खोटेच दात दिसतात. मी आडवा होऊन आत हात घातला. नट दोन बोटांनी फिरला. पान्याची गरजच पडली नाही.

तो नट मीच लावला होता. दोन आठवड्यांमागं स्टार्टर फ्लायव्हीलचे दात खात होता, म्हणून सेन्सर काढून त्या भोकातून मी दात बघितले होते. सेन्सर परत घातला, नट हातानं फिरवला, पाना घ्यायला वळलो आणि पुतण्याचा फोन आला. तसाच मोटरसायकलवर बसून पिरंगुटला दवाखान्यात गेलो. नट डोक्यातून गेला तो आत्तापर्यंत.

गाडीखाली थोडा वेळ तसाच पडून राहिलो. पान्यानं एक पीळ दिला असता तर काम संपत होतं. हादऱ्यानं ढिला झाला म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. ऑपरेटरही परत कामाला लागला असता. पण हादऱ्यानं ढिला झालेला नट मी आयुष्यात पुष्कळदा बघितलाय. त्याच्या आट्यावर घासलेली चमक असते. ह्याच्यावर पाना कधी बसलाच नव्हता.

अंतर धरून नट आवळला आणि बाहेर आलो. "शेठ, ऑपरेटरचा दोष न्हाई. नट मी ढिला सोडला हुता."

शेठनं इकडंतिकडं बघितलं. "असूंद्या. त्या दिवशी तुमचं चित्त ठिकाणावर कुटं हुतं? यूपीवाल्याला नगं म्हनतो, ह्याला उद्यापास्नं घेतो. पर नटाचं त्याला सांगायची काय गरज न्हाई."

"त्यालाच सांगायचंय."

बाभळीखाली जाऊन ऑपरेटरला नटाचं सांगितलं, उद्या कामावर ये हा शेठचा निरोपही दिला. मला वाटलं शिव्या घालील. घालायला पाहिजे होत्या. तो पॅंट झटकत उठला.

"शेठचं ऱ्हाऊ द्या. बायको म्हनती, एवढा लॅपटॉपवाला सायेब कशाला खोटं बोलंल? माझ्यासंगं धड बोलंना झालीया. तिला सांगायला चला."

त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून नेऱ्याला गेलो. खोलीच्या दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नट कुठला, कुणी सोडला, शिटी का वाजायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढं जुनं मिस्त्री तुमी. आन नट तसाच सोडून गेलासा?"

"फोन आला हुता."

"कसला एवढा फोन?"

नवरा तिला डोळ्यानं दाबत होता. तिनं बघितलंच नाही. पंधरा दिवस जो माझ्या दारात आला तो सगळं ठाऊक असूनच आला होता. हे वाक्य मला एकदाही बोलावं लागलं नव्हतं.

"माझी बायको मेली त्या दिवशी."

तिचा हात सुपात थांबला. चहा टाकते म्हणाली. मी नको म्हटलं. मग ती नवऱ्याकडं वळली. कितीक दिवसांनी त्याच्याशी बोलत होती कुणास ठाऊक.

"उद्या डबा कितीला करू?"

"सातला," तो म्हणाला.