पोटातलं पाणी नव्हे

"साहेब, यांच्या पोटात पाणी झालंय. सुईनं काढून टाका ना," इंदूबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान निवृत्ती, सायखेड्याचे, झेंडू-शेवंती पिकवणारे, कॉटवर आडवे होते. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस, फुगलेलं पोट. लिव्हर खराब, असंच सगळ्यांनी धरलेलं. सुई घालायची तयारीही झाली होती. पण कपडे सारखे ओले होतात म्हणून फिजिशियननी आधी मला बोलावलं. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा डॉक्टर होतो.

मी हात ठेवला. फुगवटा बेंबीखाली, मधोमध, घट्ट.

"लघवी होते का?"

"सारखीच होती. थेंब-थेंब." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वास येतो म्हणून पडवीत निजतो."

लघवीची पिशवी गच्च भरून ओसंडत होती. कॅथेटर, म्हणजे नळी घातली, हळूहळू लघवी काढली. पोट सपाट झालं. इंदूबाई तोंडाला पदर लावून रडल्या. नवरा बरा झाला, असं त्यांना वाटलं.

काही दिवसांनी नळी काढली. पुन्हा थेंबच.

"प्रोस्टेट असंल. ऑपरेशन करा," निवृत्ती म्हणाले.

प्रोस्टेट ठीक होती, शुगरही नॉर्मल. मग प्रेशर टेस्ट केली. यात कागदावर पोटाच्या जोराची एक रेघ उमटते, पिशवीच्या स्नायूची दुसरी.

"लावा जोर."

"लावतोय की!" त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. पोटाची रेघ चढली. पिशवीची हललीच नाही.

"दारूनं नसा गेल्यात," मी सांगितलं. "पिशवी भरल्याचं कळत नाही. ताणून ताणून स्नायू सैल पडलाय. ऑपरेशननं तो परत येत नाही."

"आन् सोडली तर?" निवृत्तींनी विचारलं.

"नसा थोड्या सुधारतील. स्नायूची खात्री नाही."

"मग सोडून काय उपेग?" इंदूबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता, थकवा होता.

"किडन्या अजून वाचतील. ठरल्या वेळी नळी घालून पिशवी रिकामी करावी लागेल. पिणाऱ्याला ती शुद्ध नसते, पिशवी पुन्हा तुंबेल आणि किडन्या जातील."

निवृत्ती म्हणाले, "नळी माझी मीच घालंन. हिला नका शिकवू."

शिकले. सुरुवातीला रक्त यायचं. दारू सोडली, एकदा घसरले, परत सोडली. किडन्या वाचल्या. पिशवीचा जोर मात्र आला नाही. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालणं जन्मभराचं झालं. इंदूबाईंनी त्यांचं अंथरूण पुन्हा घरात घातलं.

पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरची चौकशी सगळे करतात. लघवीचं कुणी विचारत नाही, आणि तो लाजेनं सांगत नाही. डॉक्टरनं आपणहून विचारावं.