बेसनाची वाटी

परवा वहिनी रंग उजळावा म्हणून भाचीच्या गालांना हळद-बेसन चोळत होती. त्या कच्च्या पिठाचा वास आला आणि मला कामतघरच्या चाळीतली आमची खोली आठवली.

बाबा ज्यांच्यावर कापड विणायचे ते लूम शुक्रवारी बंद असायचे. त्या सुट्टीच्या दिवशी आई मला समोर बसवून असंच बेसन चोळायची, कारण मी काळी होते. एकदा ऐन त्याच वेळी टीव्हीवर ऑलिंपिकची शर्यत लागली. माझा एक गाल पिवळा, दुसरा अजून कोराच. सगळ्यांना मागे टाकून जमैकाची, माझ्याहूनही काळी एक मुलगी पहिली आली आणि अंगावर झेंडा पांघरून हसत सुटली.

बाबा ओरडले, "अगं बघ, आपल्या सुमीच्याच रंगाची हाय! जगात पहिली आली!"

लूमच्या खडखडाटात बोलून बोलून बाबांचा आवाज सुट्टीच्या दिवशीही खाली येत नसे. अख्ख्या चाळीनं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी माझा काळा रंग चारचौघांत जाहीर केला, एवढंच मला तेव्हा कळलं. त्या ओरडण्यात अभिमान होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आईला मात्र तिथल्या तिथे कळलं असावं. तिनं पदरानं माझा गाल पुसला, वाटीतल्या उरलेल्या बेसनात कांदा चिरला आणि भजी तळली. त्यानंतर तिनं मला कधीच बेसन चोळलं नाही.

मी वहिनीच्या हातातून वाटी घेतली.

"वहिनी, कांदे कुठं ठेवलेत?"