दार्जिलिंगची मुलगी आणि माझा प्रश्न

मंडळी, आज मी माती खाल्ली.

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक नवीन पीएचडी स्टुडंट आलीय. किचनमध्ये चहा करताना मी तिला इंग्लिशमध्ये विचारलं, "नेपाळची का तू?"

"दार्जिलिंगची," ती हिंदीत म्हणाली.

"गेनाऊ (अगदी बरोबर), इंडियन!" जर्मन कलीग दार्जिलिंग चहाच्या टी-बॅगचं खोकं दाखवत म्हणाला. ती भारतीय आहे हे त्याला माहीत होतं, मला नाही.

इंग्रजांनी तिथे चहाचे मळे लावले, तेव्हा तिचे खापरपणजोबा नेपाळहून मजुरीला आले. "पाच पिढ्या झाल्या, तरी दिल्लीतसुद्धा हेच विचारतात," ती म्हणाली.

इथे कुणी मला "मूळचा कुठला?" विचारलं की मी याच ग्रुपवर तणतणतो. पण मला ते फक्त परदेशात ऐकावं लागतं. तिला आपल्याच देशात, आणि आज इथेही, माझ्या तोंडून.

खरं सांगा, तुम्हीही कधी कुणाला असं विचारलंय?